चौथा वाफा

दादानं आईची बॅग गाडीच्या डिकीत ठेवली, डिकी आपटून बंद केली आणि उगाचच एकदा हॉर्न वाजवला. आई तेव्हा मागच्या अंगणात उकिडवी बसून वांग्याची झाडं उपटत होती.

"आई, अगं नवं पातळ आहे अंगावर," मी म्हणाले.

"बघ," ती म्हणाली आणि हातातलं झाड उलटं करून माझ्यासमोर धरलं.

वर पानं पिवळी पडलेली, आणि खाली मुळांवर गाठीच गाठी. संधिवात झालेल्या बोटांसारखी ती मुळं दिसत होती. तिनं दुसरं झाड उपटलं, त्यालाही तेच. मग उठून पलीकडच्या वाफ्यात गेली, तिथलं एक उपटलं. मग तिसऱ्या वाफ्यातलं. प्रत्येक झाड हातात घेऊन ती मूळ बघायची आणि माती झटकून बाजूला ठेवायची. चौथ्या वाफ्यापाशी मात्र नुसतीच उभी राहिली.

"ह्यात पण घातलीत," ती म्हणाली.

तो भाऊबीजेचा दिवस होता. मी सकाळच्या एसटीनं बारामतीहून फलटणला आले होते. ओवाळणं व्हायचं होतं, जेवणं व्हायची होती, पण दादाचं सगळं आधीच ठरलेलं असतं. दिवे घाटात गर्दी व्हायच्या आत त्याला पुण्याला पोचायचं होतं. त्या दिवसापासून आईची त्याच्याकडची पाळी सुरू होणार होती.

पाळी. हा शब्द आजही कुणी आईबापांच्या बाबतीत वापरला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्याच्या आदल्या वर्षी अण्णा गेले. दिवसकार्य उरकलं त्या दुपारी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पुरुषमंडळी बसली आणि माझ्या आईचं काय करायचं ते ठरलं. दिवाळी ते अक्षय तृतीया मोठ्या मुलाकडे, म्हणजे दत्तादादाकडे पुण्याला. अक्षय तृतीया ते दिवाळी धाकट्याकडे, विलासकडे इचलकरंजीला. घर बंद ठेवायचं, दिवाळीला सगळ्यांनी उघडायचं. मामा म्हणाले, "अशी पोरं मिळायला नशीब लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. म्हटलं, "आणि मी?"

सगळे हसले. वाईट हसले असं नाही म्हणणार, लाडानंच हसले. दादा म्हणाला, "तू माहेरवाशीण बाई. तू चार दिवस ये, जेव, खा, आईला भेट. पाळीत तुझं काय काम?"

आईला कुणी विचारलंच नाही. ती आत कणगीच्या आडोशाला बसली होती. तिला ऐकू जात होतं की नाही, हेसुद्धा कुणी वाकून बघितलं नाही.

माझी आई माळ्याची लेक. कालव्याच्या कडेला कॉलनीत अण्णांनी घर बांधलं, तेव्हा मागं नुसता मुरूम होता. आईनं कालव्यातला गाळ पाट्या-पाट्यांनी डोक्यावरून आणून टाकला आणि चार वाफे केले. त्या चार वाफ्यांत आमच्या घरचा भाजीपाला आयुष्यभर निघाला. पण काय कुठं लावायचं, यात घरच्या माणसांना बोलायची सोय नव्हती. एका वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरची. दुसऱ्यात घेवडा, गवार. तिसऱ्यात कांदा, लसूण, मुळा आणि कडेनं मेथी. आणि चौथा वाफा पडीक. त्यात ती पाला पसरायची, चुलीची राख टाकायची आणि वर्षभर त्याच्याकडं ढुंकून बघायची नाही. पुढच्या वर्षी सगळं एकेक घर सरकायचं. वांगी होती तिथं घेवडा, घेवडा होता तिथं कांदा, कांदा होता तिथं पड, आणि पडीक होता त्यात वांगी.

आम्हाला ती लहानपणी शिकवायची, तेही रोपं म्हणजे माणसंच असल्यासारखं सांगून. "वांगं, टोमॅटो, मिरची, हे भाऊभाऊ. एकाच्या जागी दुसरा आला तरी मातीला ताप तोच. ज्या रोगानं थोरला गेला, त्याच रोगानं धाकटा जातो. म्हणून भावामागं भाऊ लावायचा नाही. मधी शेंग घालायची. शेंग मातीला देऊन जाते."

अण्णा चिडायचे. "चांगला वाफा रिकामा ठेवतेस, मिरच्या तरी टाक." आई म्हणायची, "मातीलाबी बसू दे की वर्षभर."

अशी बाई त्या वर्षात दोन शहरांत फिरली. पुण्यात दादाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथं तिनं थर्माकोलच्या डब्यात माती भरून गॅलरीत मेथी टाकली. पाणी झिरपून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं, ते लोक भांडायला वर आले आणि सुनंदावहिनीनं डबा उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला. तो पुन्हा वर आला नाही. इचलकरंजीला तर विलासच्या दारापुढं सगळी शहाबादी फरशी. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. तिथं आई पायरीवर बसून निवडलेले तांदूळ परत निवडायची, असं विलासची बायको मंगल मला कौतुकानं सांगत होती. "आत्यांना बसवतच नाही बघा."

आणि इथं, बंद घराच्या मागं, तिच्या चारी वाफ्यांत वांगी.

"दादा!" मी ओरडले. "मागं ये जरा."

तो किल्ली बोटात फिरवत आला. अंगात नवा सदरा, कपाळ घासून पुसलेलं. "काय झालं? अजून पाट मांडले नाहीत का?"

"ही वांगी कुणी लावली?"

"मीच सांगितलं होतं शेजारच्या नाळ्यांना. बाग ओसाड पडू नये म्हणून. म्हटलं, चारी वाफ्यांत वांगीच घाला, बाकीची कटकट नको. काय आली होती माहितीये! ते पाटी भरून एसटीनं पुण्याला पाठवायचे, विलासला पण जायची. पहिली काढली, लगेच दुसरी लावली." आणि आईकडं वळून म्हणाला, "तुझी बाग जिवंत ठेवली बघ."

त्याच्या चेहऱ्यावर इतका भोळा आनंद होता की मला आणखीच संताप आला. ज्या घरात ह्या माणसाचं बालपण गेलं, जिथं 'भावामागं भाऊ नाही' हे त्याच्याकडून पाढ्यांसारखं म्हणवून घेतलं गेलं, त्याच घरात त्यानं हे केलं, आणि वर शाबासकी मागायला उभा.

आईनं हात झटकले आणि पुन्हा झाड उपटायला वाकली. वहिनीनं मला नंतर सांगितलं की आईला हे पुण्यातच कळलं होतं. पाटी उघडून बघितल्यावर म्हणाली होती, "एका वाफ्यात एवढी वांगी येत नाहीत." आणि त्याच वांग्यांची भरली वांगी करून तिनं सगळ्यांना वाढली होती.

मी आत गेले. पाट मांडले, रांगोळी ओढली, निरांजन लावलं. मंगल तिच्या भावांना ओवाळायला माहेरी गेली होती. सुनंदावहिनीला भाऊ नव्हता, त्यामुळे ती इथंच होती. स्वयंपाकघराच्या दारात टेकून ती माझ्याकडं बघत होती.

"शालनताई, काही बोलू नका आज," ती हळूच म्हणाली. "सणाचा दिवस आहे."

"बघते," मी म्हणाले.

दादा आणि विलास डोक्यावर टोप्या ठेवून पाटावर बसले. मी दोघांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, ओवाळलं. दादानं मागं हात करून साडीचं पाकीट घेतलं आणि ताटात ठेवायला पुढं केलं. मी ताट मागं घेतलं.

"अगं, धर की."

"मला साडी नको."

विलास हसला. "आक्का, ह्या वर्षी भाव वाढवलास वाटतं. काय पाहिजे?"

"आई," मी म्हणाले.

दोघांनाही आधी कळलंच नाही. दादा म्हणाला, "आईचं काय?"

"आई आज तुझ्याबरोबर येणार नाही. अक्षय तृतीयेला विलासकडं जाणार नाही. ती इथं राहील, तिच्या घरात. ही माझी ओवाळणी. द्यायची असेल तर द्या, नाहीतर पाटावरून उठा."

"भाऊबीजेला पाटावरून उठवतेस?" दादाचा आवाज चढला. "काय बोलतेस, कळतंय का?"

"तुला कळतंय का तू वर्षभर काय केलंस ते?"

"काय केलं? काय कमी केलं? लोक आईबाप नकोत म्हणून कोर्टात जातात. आम्ही दोघांनी हवी म्हणून वाटून घेतली. एक दिवस इकडचा तिकडं होऊ दिला नाही!"

"वाटून घेतली!" मला आता स्वतःलाच आवरता येईना. "भांडी वाटून घेतात, दादा. पितळेची घागर तुला, तांब्याचा बंब त्याला. आई वाटून घेतलीत, आणि त्याचा तुला अभिमान आहे!"

"आक्का, माझ्याकडं काय त्रास होता तिला?" विलास दुखावून म्हणाला. "मंगल तिला इकडची काडी तिकडं करू देत नव्हती."

"तोच त्रास होता!"

"हे बघ," दादा म्हणाला, "ती इथं एकटी राहिली आणि पडली-झडली, तर कोण बघणार? तू बारामतीहून धावत येणार? लोक आमच्या तोंडात शेण घालतील. दोन धडधाकट मुलगे असताना आई एकटी राहते म्हणून. तुझं काय जातं? तुला कुणी विचारणार नाही."

"मला कुणी विचारतच नाही, तेच तर सांगतेय! त्या दिवशी विचारलं नाही, आज विचारत नाही. आईला तरी विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? आई आहे ती!"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "आई आहे, म्हणून विचारायचं नाही."

निरांजनाची वात फडफडत होती. ताट धरून माझे हात भरून आले होते, पण खाली ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात मागच्या दारातून आईचा आवाज आला.

"आणि तू काय करतीयास?"

मला वाटलं दादाला बोलतेय. वळून बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती. कोपरापर्यंत हात मातीचे, नव्या पातळाचा ओचा खोचलेला, एका हातात ते गाठाळ झाड.

"मी?"

"तूच. ताटात टाकून मागतीयास मला? ह्यांनी वाटून घ्यायची, तू मागून घ्यायची. मी काय नारळ हाय का गं, शालन?"

माझ्या कानशिलांवर कुणी हाणल्यासारखं झालं. "आई, मी तुझ्यासाठीच भांडतेय."

"ठावं हाय मला. पण मला इचारलंस?"

विलासच्या ओठांवर हसू येतंय असं वाटलं आणि मला त्याचाही राग आला. आई खोलीच्या मधोमध आली आणि ते झाड तिनं पाटापुढच्या रांगोळीवर ठेवलं. मातीची ढेकळं रांगोळीत सांडली. दादानं झटकन पाय आखडले.

"दत्ता, लहानपणी वाफ्यांना पाणी कोण सोडायचं?"

"मी."

"मग सांग. वांग्यामागं काय लावायचं नाही?"

दादा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या हाताखाली कितीतरी माणसं होती. पण तो डोक्यावरची टोपी सरळ करत म्हणाला, "टोमॅटो. मिरची. आणि... वांगीच."

"का?"

"भाऊभाऊ आहेत ते."

"मग चारी वाफ्यांत वांगी का घातलीस?"

"तुला आवडतात म्हणून, आई."

"मला?" आईनं खरोखर नवल वाटल्यासारखं त्याच्याकडं बघितलं. "मला घेवडा आवडतो, दत्ता. वांगी तुला आवडतात."

वहिनीनं दारातून एक पाऊल पुढं टाकलं. मीसुद्धा आठवून बघत होते, आईनं कधी ताटात घेवडा जास्त वाढून घेतला होता का. मला आठवलं नाही. ती नेहमी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, आणि तेव्हा घेवडा उरलेला नसायचा.

"मी वर्षभर काही बोलले नाही," आई म्हणाली. "तुमचे बाप गेले, घरं तुमची, सुना तुमच्या. म्हटलं, जमंल. पण जमत न्हाई मला. त्या वरच्या घरात मला पायाखाली काही लागत न्हाई. आन् विलासकडं सकाळ झाली की मला कळत न्हाई कशाला झाली. सुना गुणाच्या हायेत, त्यांना बोल लावू नका."

"पण आई..." दादा म्हणाला.

"थांब. वाफा कधी जागचा उचलून दुसरीकडं नेलाय का मी? वाफा जाग्यावर ऱ्हातो. फिरायचं असतं पिकानं. तुम्ही सगळं उलटं केलंत. मातीच उचलून फिरवलीत ह्या गावातनं त्या गावात, आन् तिथं काय उगवत न्हाई म्हणून तोंड पाडून बसलात." तिनं पदराला हात पुसले. "आता पाळी मी लावते. मी इथं ऱ्हाणार. तुम्ही यायचं. ज्याची पाळी त्यानं येत-जात ऱ्हायचं. दवाखाना, गॅस, लाईटबिल, त्यानं बघायचं. वाफ्यात हात घालायचे. आधी दत्ता."

"मग मी," विलास म्हणाला.

"न्हाई. दोन भाऊ लागोपाठ नकोत मला." ती माझ्याकडं वळली. "मधी शालन."

माझ्या हातातलं ताट खाली आलं. आमच्या घरात कशाच्याही वाटणीत माझं नाव मोजलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही त्या दोघांच्या मधे. 'शेंग मातीला देऊन जाते' हे तिनं म्हटलं नाही. पण ते पाढे मलाही पाठ होते.

"मग विलास," आई म्हणाली.

दादाला असल्या गोष्टीतला हिशेब पटकन कळतो. "म्हणजे तिघांना चार-चार महिने."

"तीन-तीन," आई म्हणाली. "वाफे चार हायेत."

"मग चौथी पाळी कुणाची?"

"माझी."

"तुझी म्हणजे?"

"पड. त्या तीन महिन्यांत कुणी यायचं न्हाई. ज्याची पाळी न्हाई त्यानं एरवी पाव्हण्यासारखं यावं, माझी ना न्हाई. पण पडीत पाव्हणाबी नको. मला कुणाला वाढायचं न्हाई, कुणाचं ऐकायचं न्हाई, कुणाला बरं हाय म्हणून सांगायचं न्हाई."

"आई, हे काय खूळ!" दादा पाटावरून उठलाच. "तीन महिने एकटी? पडलीस तर?"

"नाळ्यांना हाक जाते. घरात फोन हाय. जीव जायचा तर तुझ्या तिसऱ्या मजल्यावरबी जाईल."

"आणि लोक? लोक काय म्हणतील?"

"दत्ता, मी वाफा पडीक ठेवला की ही कॉलनी दर साली म्हणायची, फरांदीण आळशी झाली. आन् पुढच्या साली त्याच वाफ्यातली वांगी मागायला दारात यायची. लोकांचं नको सांगूस मला."

वहिनी फस्सकन हसली. पदर तोंडावर धरला तरी हसू थांबेना. दादानं तिच्याकडं असं बघितलं की एरवी ती आत पळाली असती. त्या दिवशी मात्र ती तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, डिकीतून बॅग काढा आईंची. आणि तो जिन्याखालचा डबा, तो मी जपून ठेवलाय, आई. मातीसकट. पुढच्या वेळी आणते."

दादा बाहेर गेला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, हा आता न जेवता निघून जाणार आणि आयुष्यभर हे माझ्या नावावर राहणार. विलास पाटावर तसाच बसून होता, कपाळावर कुंकू, समोर रांगोळीत ते झाड. "आक्का," तो हळूच म्हणाला, "माझी ओवाळणी तरी घे."

डिकी आपटली. दादा बॅग घेऊन आला आणि मधल्या खोलीत धाडकन टाकली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. घड्याळ काढून वहिनीच्या हातात दिलं, नवा सदरा काढून खुंटीला लावला आणि बनियनवर मागच्या अंगणात गेला. आई खुरपं घेऊन त्याच्या मागोमाग.

"मुळासकट काढ," तिचा आवाज येत होता. "एक मूळ मातीत ऱ्हाता कामा नये. ते तिथं नको टाकू, जाळायचं हाय. आन् दारावरचं तोरण सुकलं की फेकू नका, त्यातल्या झेंडवाचं बी लागंल. आधी झेंडू लावून हा मुळांच्या गाठींचा रोग मारायचा."

दादाला त्या दिवशी घाट ओलांडायला रात्र झाली असणार. तो माझ्याशी तुळशीच्या लग्नापर्यंत बोलला नाही. मग एक दिवस त्यानं फोन केला तो झेंडूच्या रोपांची दाटी झाली तर विरळणी कधी करायची हे विचारायला. मला तरी कुठं माहीत होतं! पण आईला विचारायचं सोडून त्यानं मला विचारलं, म्हणून मी रागानंच, पण उत्तर शोधून दिलं.

माझी पाळी माघापासून होती. मी दर रविवारी जायचे. आई मला कामाला लावायची आणि बोलायची फार कमी. मग विलासची पाळी झाली. श्रावण आला आणि चौथी पाळी लागली.

मी महिनाभर दम धरला. फोन केला तर ती म्हणायची, "हाय मी. ठेव आता." एवढंच. दादा मला फोन करून विचारायचा, विलास मला विचारायचा, आणि मी दोघांवर खेकसायचे, की तिनं सांगितलंय ना, मग गप्प बसा. पण एका सकाळी मलाच राहवलं नाही. शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, डबा भरला आणि एसटीत बसले. मनात म्हटलं, मी काय त्या दोघांसारखी आहे? तिच्यासाठी पाटावरच्या भावांशी कोण भांडलं? मला ती नाही म्हणणार नाही.

दार वाजवलं. बऱ्याच वेळानं आईनं दार उघडलं, अर्धंच.

"कुणाची पाळी हाय?" तिनं विचारलं.

"कुणाचीच नाही."

"मग?"

"पोळ्या आणल्या होत्या."

तिनं हात बाहेर काढून डबा घेतला. "डबा नंतर ने," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी त्या बंद दारापुढं उभी होते आणि संतापानं माझे कान तापले होते. आत ये म्हणाली नाही! पाणी घेतेस का म्हणून विचारलं नाही! ज्या लेकीनं तिला हे घर परत मिळवून दिलं, तिला चपला काढू दिल्या नाहीत! मला वाटलं, पुन्हा दार वाजवावं आणि हे सगळं तिला ऐकवावं. पण कॉलनीत शोभा नको, म्हणून मी घराला वळसा घालून मागच्या कुंपणापाशी गेले. म्हटलं, तिथून हाक मारते.

तीन वाफे भरलेले होते. एकात घेवड्याचे वेल काठ्यांवर चढले होते. चौथ्यात नुसता पाला पसरलेला. त्या पडीक वाफ्याच्या बांधावर आई बसली होती, पाय आत पाल्यात सोडून. शेजारी माझा डबा, उघडलेला. हातात खुरपं नव्हतं, सूप नव्हतं, निवडायला काही नव्हतं. एक पोळी घेऊन ती सावकाश खात होती आणि समोर बघत होती. पहिलीच पोळी, सगळ्यांच्या आधी. आईला काहीही न करता बसलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

कुंपणाच्या तारेवर हात ठेवून मी किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. मी हाक मारली नाही. माझी पाळी नव्हती.